मतदान केंद्राची पायरी

लोकशाही राज्यात सामान्य नागरिकाच्या हाती असलेली सर्वांत साधी आणि तरीही सर्वांत मोठी सत्ता कोणती, असे कोणी विचारले तर 'मत' हेच त्याचे उत्तर होय. कारखान्याच्या मालकास मत एक, त्याच कारखान्यात राबणाऱ्या मजुरासही एकच. मोजणीच्या दिवशी कोणाचे मत जड आणि कोणाचे हलके असा भेद उरत नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने ही समता प्रत्येक प्रौढ नागरिकास दिली आहे. १९८९ सालापासून प्रौढत्वाची ही मर्यादा एकवीस वर्षांवरून अठरा वर्षांवर आली, हे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतोच.

परंतु पुस्तकात एक गोष्ट सहसा लिहिलेली नसते. मत देण्यासाठी केवळ अठरा वर्षे पुरी होऊन भागत नाही. घरापासून केंद्रापर्यंत चालावे लागते. केंद्राच्या दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात. अधिकाऱ्याने पुकारलेले नाव ऐकावे लागते, यंत्रावरील नावे व चिन्हे पाहावी लागतात आणि अखेरीस बोटाने एक कळ दाबावी लागते. ज्याचे पाय, डोळे, कान आणि हात धड आहेत, त्यास या पाच कृती आहेत याची जाणीवही होत नाही. पण यांपैकी एक जरी कृती शरीरास अशक्य झाली, तर घटनेने दिलेला संपूर्ण अधिकार त्या एका जागी अडून पडतो. दिव्यांग मतदाराचा हा मार्ग कोठे अडतो आणि तो मोकळा करण्यासाठी कायद्याने काय योजना केली आहे, हे आम्ही या लेखात क्रमाने सांगणार आहोत.

हा प्रश्न आपल्या सिल्वासा परिसरात अधिक जिव्हाळ्याचा आहे. त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. एके काळी मराठ्यांच्या अमलाखाली असलेला हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पुढे सात वर्षे येथील कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाली. तथापि लोकसभेतील आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याची संधी येथील जनतेस मिळाली ती १९६७ सालच्या निवडणुकीत. उर्वरित भारतात १९५१-५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन सार्वत्रिक निवडणुका तोवर होऊन गेल्या होत्या. इतरांच्या मागाहून, वाट पाहून मिळालेला हा हक्क आहे.

दुसरे असे की, येथे विधानसभा नाही. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. तरी दादरा व नगर हवेलीची, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेली, लोकसभेची एक जागा कायम राहिली. पलीकडच्या तलासरीचा किंवा जव्हारचा मतदार आमदारही निवडतो आणि खासदारही. येथील मतदारास मात्र स्थानिक संस्था सोडल्या तर लोकसभेची निवडणूक हीच एक वाट आहे. जेथे वाट एकच असते, तेथे तिच्यावरील अडसर दुप्पट बोचतो.

आता थोडे आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ भरली आणि त्यांपैकी ३,२९४ व्यक्ती दिव्यांग म्हणून नोंदल्या गेल्या. म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. त्याच जनगणनेत साऱ्या देशात हे प्रमाण शेकडा २.२१ होते. आपल्याकडे कारखान्यांच्या कामासाठी आलेला तरुण वर्ग मोठा आहे, हे या फरकाचे एक कारण असू शकेल. घरच्या माणसाचे अपंगत्व सांगण्याचा संकोच हेही दुसरे कारण असू शकेल. कारण काहीही असो, 'इतक्या थोड्या लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला?' असे म्हणणाऱ्याने दुसरा एक आकडा ध्यानात ठेवावा. २००९ सालच्या लोकसभा निवडणुकीत येथील विजय अवघ्या ६१८ मतांनी ठरला होता. आम्हांस मात्र याहून वेगळेच म्हणावयाचे आहे. मतांचे अंतर लाखाचे असते, तरीही एका माणसाचा हक्क एका माणसाइतकाच राहिला असता. हक्काची मोजदाद गर्दीने होत नसते.

दिव्यांग म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे पांढरी काठी किंवा चाकांची खुर्ची येते. कायद्याची दृष्टी याहून व्यापक आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले. त्यांत अंधत्व व अल्पदृष्टी आहे, बहिरेपण आहे, बौद्धिक अक्षमता व मानसिक आजार आहे. त्यांतील दोन प्रकार आपल्या भागास विशेष लागू पडतात. पहिला सिकलसेल हा रक्ताचा आजार. वारली, धोडिया, कोकणा, दुबळा अशा आदिवासी समाजांत तो आढळतो. सिकलसेलचा रोगी वरकरणी धडधाकट दिसतो. पण सांधे दुखू लागले की त्यास उन्हात रांगेत उभे राहणे असह्य होते. २०२४ साली येथील मतदान ७ मे रोजी झाले. त्या दिवसांतील ऊन आपणांस ठाऊकच आहे. दुसरा प्रकार कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्तींचा. कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेला प्रदेश म्हणून आपल्या भागाची नोंद अनेक वर्षे होत आली आहे. रोग औषधाने बरा होतो. पण उपचारास उशीर झाला असेल तर बोटांची झालेली हानी मागे राहते, आणि लोकांची दूर सरकण्याची सवय तर त्याहूनही अधिक काळ मागे राहते.

सोयींचा विचार करण्यापूर्वी एक कसोटी ठरवून घेऊ. मत खरे केव्हा? ते मतदाराने स्वतः ठरविलेले असावे, ते गुप्त राहावे आणि ते निर्भयपणे दिलेले असावे. १८५६ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदानाची पद्धत सुरू केली. त्यापूर्वी अनेक ठिकाणी मत मोठ्याने सांगावे लागे आणि जमीनदार किंवा मालक ते ऐकत उभा असे. गुप्ततेची भिंत उभी राहिली तेव्हाच गरिबाचे मत त्याचे स्वतःचे झाले. म्हणून प्रत्येक सोयीस आपण हाच प्रश्न विचारावा: हिच्यायोगे मतदार स्वतः, गुप्तपणे आणि निर्भयपणे मत देऊ शकतो काय?

सोय हा शब्द ऐकताच काहींस ती दयेची देणगी वाटते. त्यांनी मतदान यंत्रावरील चिन्हांकडे पाहावे. १९५१ च्या जनगणनेनुसार भारतात साक्षरतेचे प्रमाण शेकडा अठराच्या आसपास होते. कोट्यवधी मतदारांस उमेदवाराचे नाव वाचता येत नव्हते. तेव्हा पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारास चिन्ह देण्यात आले, त्याची स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली आणि पेटीवर ते चिन्ह लावण्यात आले. जे वाचू शकत नाहीत त्यांनी आधी वाचावयास शिकावे आणि मग मत द्यावे, असे कोणी म्हटले नाही. मतदाराने पद्धतीस शोभेसे व्हावे असा हट्ट न धरता पद्धतीनेच मतदारापर्यंत जावे, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. आज सुशिक्षितही चिन्ह पाहूनच कळ दाबतात आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. रॅम्प, ब्रेल किंवा घरून मतदान या सोयी त्याच तत्त्वाच्या पुढच्या पायऱ्या आहेत.

आता मार्गाचा पहिला टप्पा, म्हणजे मतदार यादी. यादीत नाव नसेल तर पुढील सर्व सोयी व्यर्थ होत. नवीन नावासाठी नमुना ६ भरावा लागतो. नाव आहे, पण दिव्यांग असल्याची नोंद नाही, तर ती नमुना ८ भरून करता येते. ही नोंद महत्त्वाची असते, कारण कोणत्या केंद्रावर चाकांची खुर्ची लागेल, कोठे वाहन पाठवावे लागेल, हे त्यावरूनच ठरते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशभरातील मतदार याद्यांत सुमारे ८८ लाख दिव्यांग मतदारांची नोंद होती; आणि २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाखांवर होती. जनगणनेत बालकेही धरलेली असतात, हे खरे. तरीही या दोन आकड्यांमधील दरी एवढी मोठी आहे की, पुष्कळ मतदारांची ही नोंद अद्याप व्हावयाची आहे, असे मानावयास जागा राहते.

यादीसंबंधी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. घरात मंदबुद्धी किंवा मानसिक आजाराने ग्रस्त अशी व्यक्ती असली की, 'त्याला कशाला मत?' असे म्हणून त्याचे नाव घातलेच जात नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे सोळावे कलम याबाबत स्पष्ट आहे. मनोविकलतेच्या कारणावरून नाव वगळावयाचे, तर सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले असले पाहिजे. शेजाऱ्याचा शेरा, कुटुंबाचा निर्णय, एवढेच काय पण डॉक्टरांचे प्रमाणपत्रही त्यासाठी पुरेसे नाही.

दुसरा टप्पा रस्त्याचा आणि पायरीचा. आपल्या प्रदेशाचा पश्चिमेकडील भाग सपाट आहे; पण खानवेलच्या पुढे डोंगर सुरू होतात आणि मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी दुधनी, कौंचा यांसारखी गावे व त्यांचे विखुरलेले पाडे आहेत. धडधाकट माणसास तेथील चढउतार नित्याचा. कुबड्या घेऊन चालणाऱ्यास तोच एक प्रवास होतो. म्हणून मागणीनुसार वाहनाची सोय करण्याची पद्धत निवडणूक आयोगाने अलीकडील निवडणुकांत आणली. भ्रमणध्वनीवरील ॲपवरून, अथवा १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करून मतदार आपली गरज कळवू शकतो. मतदान केंद्र तळमजल्यावर असावे, तेथे रॅम्प, पिण्याचे पाणी, सावली आणि प्रसाधनगृह असावे, असेही आयोगाचे निर्देश आहेत.

हे निर्देश आपोआप आलेले नाहीत. २००४ साली दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्रांवर, तात्पुरते का होईना, रॅम्प उभारले जावेत, असे न्यायालयाने सांगितले. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला; त्याच्या २९ व्या कलमात राजकीय जीवनात सहभागी होण्याचा हक्क आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. पुढे २०१६ च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमाने सर्व मतदान केंद्रे दिव्यांगांस सुगम असावीत आणि निवडणुकीविषयीचे सर्व साहित्य त्यांस समजण्याजोगे व मिळण्याजोगे असावे, अशी जबाबदारी भारत निवडणूक आयोगावर आणि राज्य निवडणूक आयोगांवर टाकली. म्हणजे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसही हेच बंधन आहे. जे पूर्वी विनंती करून मागावे लागे, ते आता कायद्याने देणे लागते.

विद्यार्थिमित्रहो, येथे तुमच्या गणिताचा उपयोग आहे. रॅम्प कसाही बांधून चालत नाही. त्याचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे एक फूट उंची गाठावयाची तर बारा फूट लांबीचा उतार हवा. शाळेचे जोते दीड फूट उंच असेल, तर रॅम्प अठरा फुटांचा झाला पाहिजे. जागा वाचविण्यासाठी तोच सहा फुटांत उरकला, तर चढ एकास चार होतो. अशा चढावर खुर्ची स्वतःच्या हातांनी वर नेणे जवळजवळ अशक्य असते, आणि उतरताना ती हातातून निसटण्याचे भय असते. रॅम्पच्या दोन्ही बाजूंस धरावयास कठडा हवा, वर सपाट जागा हवी आणि दार खुर्ची सहज आत जाईल इतके रुंद हवे. 'रॅम्प आहे' असे कागदावर लिहिणे आणि रॅम्पवरून माणूस वर जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर फूटपट्टीने मोजता येते.

हे शाळेच्या मासिकात का सांगावे? कारण आपल्याकडे बहुतेक मतदान केंद्रे शाळांच्या वर्गांतच भरतात. मतदानाच्या दिवशी आपला वर्ग हा गावाचा दरबार होतो. शाळेच्या दाराशी असलेली पायरी मतदारास पाच वर्षांतून एकदा अडविते. पण ज्या बालकास चालता येत नाही त्यास ती रोज अडविते. निवडणुकीसाठी लाकडी फळ्या टाकून केलेला रॅम्प दुसऱ्या दिवशी उचलला जातो. पक्का बांधलेला रॅम्प मात्र मतदाराच्या आधी विद्यार्थ्यास उपयोगी पडतो, आणि ज्या मुलास आज शाळेत येता आले तोच उद्या यादीत स्वतःचे नाव शोधणारा मतदार होतो.

तिसरा टप्पा केंद्राच्या आतील. दिव्यांग मतदारास रांगेत ताटकळत न ठेवता आधी आत सोडावे, असा नियम आहे. रांगेतील इतरांनी त्यावर कुरकुर करू नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. ज्यास ऐकू येत नाही त्याच्याशी अधिकाऱ्याने खुणेने वा लिहून बोलावे. मोठ्याने ओरडल्याने बहिऱ्यास ऐकू येत नाही, उलट सर्वांचे लक्ष मात्र त्याच्याकडे वेधले जाते.

यंत्राची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. कळ दाबताच उमेदवाराच्या नावासमोर तांबडा दिवा लागतो आणि मत नोंदले गेल्यावर दीर्घ शिटीसारखा आवाज होतो. ज्यास ऐकू येत नाही त्यास दिव्याची खूण मिळते. ज्यास दिसत नाही त्यास आवाजाची. यंत्राच्या कळांशेजारी ब्रेल अंक उठविलेले असतात. लुई ब्रेल या स्वतः अंध असलेल्या फ्रेंच गृहस्थाने (१८०९-१८५२) सहा टिंबांच्या मांडणीतून ही लिपी निर्माण केली. २००४ साली हैदराबादमधील आसिफनगर येथील पोटनिवडणुकीत यंत्रावर ब्रेलचा प्रयोग झाला आणि २००९ च्या लोकसभा निवडणुकीपासून तो देशभर आला. केंद्रात गेल्यावर अंध मतदारास ब्रेलमध्ये छापलेली नमुना मतपत्रिका मिळते. तीवरून बोटे फिरवून तो आपल्या पसंतीच्या उमेदवाराचा क्रमांक जाणतो, मग यंत्रावर तो क्रमांक चाचपून शोधतो आणि कळ दाबतो. तेथे कोणीही मध्यस्थ नसतो. आपल्या प्रदेशात मराठी, गुजराती, हिंदी अशा भाषा नांदतात. त्यास अनुरूप अशी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५१ साली भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ही समान पद्धत ठरली. तीत मराठी 'क' आणि गुजराती 'ક' यांची टिंबे एकच आहेत. डोळ्यांस भिन्न दिसणाऱ्या लिपी बोटांखाली एक होतात!

एक उणीव मात्र अद्याप राहिली आहे. मत नोंदल्यावर व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आपले मत योग्य ठिकाणी गेल्याची खात्री मतदारास पटते. अंध मतदारास ही चिठ्ठी वाचता येत नाही. त्यास आवाजावरच विश्वास ठेवावा लागतो. शिवाय प्रत्येक अंध व्यक्तीस ब्रेल येते असेही नाही. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांस ती क्वचितच येते. म्हणून सोबत्याची योजना आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी शाईची गोष्ट सांगू.

मतदाराच्या डाव्या तर्जनीस न पुसली जाणारी शाई लावतात, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ज्यास ती तर्जनीच नाही त्याचे काय? १९६१ च्या निवडणूक नियमांत याचे उत्तर आहे. डावी तर्जनी नसेल तर डाव्या हाताचे दुसरे कोणतेही बोट. डाव्या हातास एकही बोट नसेल तर उजव्या हाताची तर्जनी अथवा दुसरे बोट. आणि दोन्ही हातांस बोटे नसतील तर हाताचे जे टोक शिल्लक असेल त्यावर शाई लावावी. वाक्य रूक्ष आहे, कायद्याची सारीच वाक्ये तशी असतात. पण त्याचा अर्थ पाहा. बोटे गमावलेला माणूस केंद्रावर येईल, हे नियम करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरले होते. तो आला म्हणजे कोणी गोंधळून जाऊ नये, त्यास परत पाठवू नये, म्हणून त्यांनी जागा राखून ठेवली होती. रोगाने बोटे हिरावून घेतली. नागरिकत्व मात्र कोणी हिरावून घेतलेले नाही, असेच ती शाईची खूण सांगते.

आता सोबती. अंधत्वामुळे किंवा अन्य शारीरिक दुबळेपणामुळे ज्यास चिन्ह ओळखता येत नाही अथवा कळ दाबता येत नाही, त्यास नियम ४९ न अन्वये एक सोबती मतदान कक्षात नेता येतो. सोबत्याचे वय अठरा वर्षांहून कमी नसावे. एका दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. मतदाराच्या वतीने दिलेले मत गुप्त ठेवीन आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती झालेलो नाही, असे त्यास लिहून द्यावे लागते आणि केंद्राध्यक्ष त्याची नोंद ठेवतात. या अटी कडक का, हे आमच्या कसोटीवरून लगेच कळेल. एकच इसम दहा-वीस अंध मतदारांस हाताशी धरून आत नेऊ लागला, तर दहा-वीस मते एकाच माणसाची होतील. सोबती म्हणजे मतदाराचे उसने डोळे किंवा उसना हात होय. उसनी बुद्धी नव्हे. 'आजी, तुम्ही काळजी करू नका, मी बरोबर दाबतो,' असे म्हणणाऱ्या नातवाने आधी 'आजी, तुमचे मत कोणाला?' असे विचारले पाहिजे, आणि आजींनी जे सांगितले तेच दाबून ते आपल्या पोटात ठेवले पाहिजे. नातवाचे मत वेगळे असेल, तर तो त्याच्या पाळीला ते देईलच.

शेवटची योजना घरून मतदानाची. ज्यांचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के आहे अशांस, तसेच ८५ वर्षांवरील वृद्धांस, टपाली मतपत्रिकेने घरी मत देता येते. २०१९ साली नियमांत बदल करून ही सोय आणली, तेव्हा वयाची अट ८० होती. मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर हिचा उपयोग प्रथम झाला तो २०२४ साली. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत नमुना १२ घ भरून द्यावा लागतो. केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांस लोक बीएलओ म्हणतात, तो घरी आणून देतात. मग ठरलेल्या दिवशी मतदान अधिकाऱ्यांचे पथक बंदोबस्तासह घरी येते, सर्व प्रक्रियेचे चित्रण होते आणि उमेदवारांस आधी कळविलेले असल्याने त्यांचे प्रतिनिधीही हजर राहू शकतात. मतपत्रिकेवर खूण करण्याचे काम मात्र मतदाराने आडोशालाच करावयाचे असते. एकदा हा पर्याय घेतला म्हणजे केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

अंथरुणास खिळलेल्यास ही योजना म्हणजे मोठाच आधार आहे. तरी ती ऐच्छिक आहे, हे विसरू नये. ज्यास केंद्रावर यावयाचे आहे त्यास 'तुम्ही घरूनच द्या की' असे सांगून परतविणे योग्य नाही. मतदानाच्या दिवशी गावाच्या रांगेत उभे राहणे, ओळखीच्या माणसांस भेटणे, शाईचे बोट घेऊन परतणे, यातही नागरिकत्वाचा एक आनंद असतो. घरून मतदानाची सोय झाली म्हणून रॅम्प बांधण्याचे राहून जाऊ नये. घरात आणखी एक धोका असतो. केंद्रावर गुप्ततेस कक्षाचा आडोसा असतो. घरात मात्र आडोसा कुटुंबीयांनी स्वतः करून द्यावा लागतो, आणि तो करण्याची वृत्ती कोणत्याही पथकास बरोबर आणता येत नाही.

एवढे सारे पाहिल्यावर आमचे असे मत झाले आहे की, केंद्राच्या पायरीपेक्षा उंच अशी एक पायरी घरातच असते. तीस कायदा पोहोचत नाही. ती रागाने बांधलेली नसते. बहुधा मायेने बांधलेली असते. 'ऊन फार आहे, तू कशाला येतोस?', 'तुझ्या एका मताने काय व्हायचे?', 'आम्ही जाऊन येतो, तू घर सांभाळ.' हे शब्द प्रेमाने उच्चारलेले असतात आणि म्हणूनच त्यांस उत्तर देणे कठीण जाते. पण त्यांचा परिणाम काय होतो? यादीत नाव असते, केंद्रावर रॅम्प असतो, यंत्रावर ब्रेल असते, आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो मनुष्य घर सांभाळत बसलेला असतो. ज्या प्रदेशात साध्या माणसास कारभारात विचारणारे कोणी नव्हते, त्याच प्रदेशातील घरात आज आपणच आपल्या माणसास विचारेनासे झालो, तर १९५४ चा दिवस त्याच्यापुरता अजून उगवलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा या कामी शाळेतील मुलामुलींस काय करता येईल? मत देण्याचे वय झालेले नसले तरी करण्याजोगे पुष्कळ आहे. आपल्या घरात, आळीत वा पाड्यावर कोणी दिव्यांग प्रौढ असेल, तर त्याचे नाव यादीत आहे काय आणि त्यापुढे दिव्यांगत्वाची नोंद आहे काय, हे बीएलओस विचारून पाहावे. नमुना वाचून दाखवावा. मोठ्यांस न वाचता येणारा कागद वाचून दाखविणे, हा आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग होय. एन.सी.सी., एन.एस.एस. व स्काउटच्या विद्यार्थ्यांस मतदानाच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून खुर्ची ढकलण्याचे, वाट दाखविण्याचे काम मिळते. ते आनंदाने करावे. मात्र खुर्चीस हात लावण्यापूर्वी 'मदत करू का?' असे विचारावे आणि अंध माणसास ओढून न नेता आपला कोपर त्याच्या हाती द्यावा. ज्यांस सतरा वर्षे पुरी झाली आहेत त्यांनी स्वतःच्या नोंदणीचा अर्ज आगाऊ भरून ठेवावा. आणि प्रत्येकाने फूटपट्टी घेऊन आपल्या शाळेच्या जोत्याची उंची व रॅम्पची लांबी एकदा मोजावी. प्रमाण एकास बारा भरले नाही, तर हिशेब कागदावर मांडून तो मुख्याध्यापकांपुढे ठेवावा.

पुढील निवडणूक येईल तेव्हा यंत्रे येतील, पथके येतील, यादी भिंतीवर लागेल. ती सारी सरकारची कामे होत. त्यापूर्वी घरातील ज्या माणसास आजवर कोणी विचारले नाही त्यास 'तुम्हांला मत द्यायला यायचे आहे ना?' एवढे विचारणे, हे काम आपले आहे. त्यासाठी अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ते आज सायंकाळीही करता येईल.